मी मुलगा मागायला गेले

सिंगापूरच्या मेट्रोत मी एका परक्या माणसाच्या कमरेला हात घातला.

चूक माझीच. पण आमच्याकडचं माणूस दुसरं काय करणार? स्टेशनवर ही गर्दी, आणि गाईड ओरडून सांगत होता, "कोणी सुटू नका." आमच्या पाड्यावर सुटायचं नसलं की एकमेकांच्या कमरेला धरायचं, तारप्याच्या नाचात धरतात तसं. आमच्या टूरमधली, उधवा गावच्या दुकानदाराची बायको माझ्या बाजूलाच होती. न बघता मी हात घातला आणि म्हटलं, "मावशी, सोडू नका हां."

"मावशी नाही मी," वरून आवाज आला. "पण सोडत नाही."

मी हात असा काढला की जणू तापलेला तवा...

तो हसला नाही. ओठ दाबून दाराच्या काचेकडे बघत राहिला. काचेत मात्र हसताना दिसला.

"धरलंत ते तारप्यातल्यासारखं. कुठल्या पाड्यावर नाचता?" त्याने विचारलं.

"तलासरीच्या. तुम्ही?"

"सायवन. नितीन नाव माझं. या पत्र्याच्याच टूरमध्ये आहे."

हे २०१७ सालचं. छपराचे पत्रे बनवणाऱ्या एका कंपनीने ज्यांचा खप जास्त त्या दुकानदारांना सिंगापूर दाखवायला नेलं होतं. बाबा गेल्यावर तलासरीचं दुकान मी चालवते, म्हणून मी. सगळ्या ग्रुपमध्ये वारली दोघंच, मी आणि तो. एवढ्या लांब येऊन भेटलो. घरी दोघांच्या मध्ये नुसती तालुक्याची हद्द.

दुसऱ्या दिवशी आम्हाला लोखंडाची झाडं दाखवली. खऱ्या झाडांपेक्षा उंच, अंगावर वेली चढवलेल्या. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. आमच्यातले एक शेठ उसासा टाकून म्हणाले, "तुमच्या लोकांना एकदा इथे आणून दाखवलं पाहिजे. स्वच्छता काय असते ते."

तोंड आवरणं मला जमत नाही, आणि जमवायचंही नाही.

"माझ्या आईचं अंगण रोज सारवलेलं असतं, शेठ. तलासरी नाक्यावर पिचकारी पडते ती गाडीची काच खाली करून. आमच्या लोकांकडे काचेच्या गाड्या नाहीत."

शेठ लगेच फोटो काढायला वळले. मागून कोणीतरी जोरात खोकलं. नितीन होता. हसू गिळताना घशात अडकलं होतं.

"पाणी देऊ?" मी विचारलं.

"नको. असंच अजून एखादं वाक्य द्या."

दुपारी पाऊस आला. तिथला पाऊस कुणाची वाट बघत नाही. आला, कोसळला, गेला. आम्ही दोघं एका बाजारात फळवालीच्या छपराखाली अडकलो. बाकीचे बसमध्ये. छप्पर पत्र्याचं. दोघांनीही एकदमच वर बघितलं.

"स्क्रू कमी मारलेत," मी म्हटलं.

"कडेला गळणार," तो म्हणाला. आणि कडेला तो उभा होता. गळलंच. थेट मानेवर.

मी सरकून जागा दिली. फार नाही... थोडीच. फळवाली म्हातारी आमच्याकडे बघून हसली आणि टोपलीतलं फळ उचलून म्हणाली, "चिकू."

आम्ही बघतच राहिलो. तिच्या भाषेतही चिकूच! नितीनने एक घेतला, हाताने फोडला, अर्धा मला दिला.

"घोलवडची सर नाही," तो म्हणाला.

"मग तुमचा अर्धा संपवलात कसा?"

"उरलेला अर्धा तुम्ही खात होतात म्हणून."

शेवटच्या संध्याकाळी आम्ही नदीच्या कठड्याशी उभे होतो. समोर सिंहाच्या तोंडातून पाणी पडत होतं, लोक त्याच्याकडे पाठ करून फोटो काढत होते. केव्हातरी आम्ही अरे-तुरेवर आलो होतो.

"दक्षा," तो म्हणाला, "घरी गेल्यावर... मी माझ्या बापाला तुमच्याकडे पाठवू?"

लगेच हो म्हणावंसं वाटलं. तरी आधी बोलायचं ते बोललेच.

"दोन पोरं बघून गेली मला. दोघांनाही मी हवी होते, दुकान नको होतं. आई एकटी आहे. मी घर सोडून कुठे जाणार नाही. यायचं तर त्याने यायचं."

नितीनने कठड्यावर दोन्ही हात टेकले. पाणी पडत राहिलं.

"आपल्यात घरजावई कोण होतो, माहीत आहे ना?" तो शेवटी म्हणाला. "ज्याची मुलीच्या बापाला देज म्हणून पैसे द्यायची ऐपत नसते तो. माझा बाप म्हणेल, पोरगा काय टाकलेला आहे का?"

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी येईन. पण बापापुढे माझं तोंड उघडत नाही, खरं सांगतो."

राग आला. आणि आवडलाही. खोटं तर बोलला नाही.

"मग तुझ्या बापाने यायचंच नाही," मी म्हटलं. "मागायला मी येते. टाकलेल्याला कोणी मागायला जात नाही."

"मुलगी? मुलाला मागायला? सायवनला?"

"का? विमानाने इथवर आले. सायवनला तर जीप जाते."

भातं कापून झाल्यावर मी आणि आई जीपने गेलो. नितीनचा बाप, सुकऱ्याबाबा, अंगणात भिंतीसाठी बांबूचा कूड विणत बसला होता. मी सरळ सांगितलं. त्याने हातातली कामटी खाली ठेवली.

"आमच्या घरात मुलीकडचं माणूस मागायला कधी आलं नाही."

"मी आले, बाबा. तुम्ही नाही म्हणालात तर तशीच परत जाईन. पण दुकान आणि आई सोडून इथे नांदायला येणार नाही. आधीच सांगते, नंतर भांडण नको."

"भाताच्या लावणीला माणूस कुठून आणू?"

"लावणीला आम्ही दोघं येऊ. तेवढे दिवस दुकान आई बघेल."

"मी बघेन?" आई म्हणाली. "मला कधी विचारलंस?"

कोणी हसलं नाही. नितीन दाराच्या चौकटीला टेकून उभा, नजर पायाकडे. आता हा बोलला नाही तर संपलं. मी कितीही मागितलं तरी मुक्या माणसाला घेऊन मी काय करू?

"बा," तो म्हणाला. आवाज फुटला. परत म्हणाला, "बा, मला जायचंय. ती मागते म्हणून नाही... मलाच तिच्याजवळ राहायचंय."

म्हाताऱ्याने पोराकडे बघितलं, नव्यानेच ओळख झाल्यासारखं. मग उठून आत गेला.

मी आईचा हात धरला. आतून भांडं वाजलं.

सुकऱ्याबाबा ताडीचं मडकं आणि पानाचा द्रोण घेऊन बाहेर आला. मागणी मान्य असली की घरचा मोठा पाहुण्यांना ताडी देतो. मान्य नसली तर नुसतं पाणी. त्याने चार थेंब देवाला जमिनीवर सोडले आणि भरलेला द्रोण माझ्या आईपुढे धरला.

आई ताडी कधी घेत नाही. त्या दिवशी तिने द्रोण एका दमात रिकामा केला, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं,

"जावई कधी पाठवता?"