चित्रात काय कमी आहे?

'कवटीमास्तर' हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी ठेवलं. पुढे विद्यार्थी गेले, नाव तेवढं राहिलं. कपाळावरून वंश ओळखायचा आणि वंशावरून बुद्धी, हे मास्तरांचं शास्त्र. त्यापायी जन्मभर माणसं तपासली. माणसं म्हणायचे नाहीत, 'नमुने' म्हणायचे. नमुन्यापुढे चित्र धरून विचारायचे, "चित्रात काय कमी आहे?" समुद्रकाठच्या मासेमारांना त्यांनी टेनिसचं मैदान दाखवलं, मधली जाळी नसलेलं. मासेमार म्हणाले, "पाणी." मास्तरांनी शून्य दिलं आणि अख्खी जमात मठ्ठ ठरवून मोकळे झाले.

मग कोणीतरी ते सगळं उकरून काढलं आणि शास्त्राचं पितळ उघडं पडलं. विद्यापीठाने खुर्ची काढून घेतली. "मी समजायला जगाची बुद्धी कमी पडते," असं मास्तर म्हणत. ऐकायला कोणी नसल्यामुळे त्याला विरोधही होत नसे. पाचव्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत ते एकटेच राहत. खिडकीशी एक खुर्ची, समोरच्या भिंतीवर एक फोटो. त्यात वारलेली बायको, लहानपणची मुलगी आणि छडी टेकून उभे ते स्वतः.

मुलीने नेमकं त्याच मासेमारांच्या घरात लग्न केलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. त्या आठवड्यात अचानक तिचा फोन आला.

"रविवारी येते. नातीला घेऊन. तिच्याशी माणसासारखं वागलात तर येत राहू. नाहीतर हे शेवटचं."

"अगं, मी काय खाणार आहे का तिला?"

"बाबा, तिला नमुना म्हणायचं नाही. आणि कपाळाकडे बघायचं नाही."

"मग बघायचं तरी कुठे?"

मुलगी हसली नाही. मास्तरांनी फोन ठेवला आणि खिडकी, खुर्ची, किटली, सगळं दोनदा पुसून काढलं.

दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला, "चित्रात काय कमी आहे?"

आवाज मृदू, सुसंस्कृत होता. शेजारी कोणी शिकलेलं राहायला आलं, म्हणून मास्तरांना बरंच वाटलं. कित्येक दिवसांत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी फोटो निरखला आणि म्हणाले, "काहीच नाही."

"चूक." पाठोपाठ कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज.

संध्याकाळी बघतात तो फोटोत छडी नव्हती. मूठ तशीच, हवेवर आवळलेली.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. "छडी!" मास्तर हुशार मुलासारखे ओरडले.

"चूक."

या खेपेला सावली गेली होती. तिघांपैकी एकाचीच.

मास्तर खाली उतरले. "शेजारी कोण आलंय हो?" त्यांनी रखवालदाराला विचारलं.

"शेजारी? मास्तर, त्या भिंतीपलीकडे नुसती हवा आहे. पडायला जागा आहे, राहायला नाही." स्वतःच्या विनोदावर रखवालदार मनापासून हसला. बोलताना मात्र तो मास्तरांच्या जरा डावीकडे बघत होता.

"सावली," पुढच्या दुपारी मास्तर हळूच म्हणाले.

"चूक."

आता फोटोत बायको होती, मुलगी होती. बायकोचा हात कुणाच्या तरी दंडाला धरल्यासारखा वाकलेला, आणि तिथे दंडच नव्हता. तेव्हा कुठे मास्तरांनी आवाज ओळखला. त्यांचाच होता. नमुन्यांशी बोलतानाचा, फार समजूतदार.

रविवारी मुलगी आली. "बारीक झालात," म्हणाली, बराच वेळ बघत राहिली, आणि चहा टाकायला आत गेली. नात खुर्चीपुढे उभी राहिली.

मास्तरांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं. त्यांनी तिचे डोळे बघितले, नाक बघितलं, उलटसुलट घातलेले बूट बघितले. ती खुदकन हसली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आपल्याला कोणी हात लावल्याला किती काळ लोटला, तेही त्यांना आठवेना.

मग एकदाच नजर वर गेली. कपाळ जरा उतरतं आहे, असं मनात आलं. एवढंच.

"पुढचा नमुना," भिंतीपलीकडून आवाज आला.

नातीने भिंतीकडे बघितलं.

"खोलीत काय कमी आहे, बाळा?"

"सांगू नकोस!" मास्तर ओरडले. "माझ्याकडे बघ! इकडे!"

नातीचा गुडघ्यावरचा हात नुसताच खाली आला. तिने खिडकी बघितली, किटली बघितली, खुर्ची बघितली.

"आजोबा," ती म्हणाली.

"बरोबर."

मुलगी चहा घेऊन बाहेर आली. हातातल्या दोन कपांकडे बघून थबकली.

"दोन कशाला केले मी?" असं स्वतःशीच म्हणाली, आणि खुर्चीत बसली.