चार शनिवारांचा उशीर

विक्रांत माझ्याकडे यायला निघालाच नव्हता. अरेरा कॉलोनीतल्या दहा नंबर मार्केटमध्ये वाद्यांचं मोठं दुकान आहे, त्याला तिथे जायचं होतं. ते बंद निघालं. पाठीवरची लांबलचक काळी पिशवी सावरत तो वळला आणि माझ्या दुरुस्तीच्या छोट्या दुकानाच्या काचेशी थांबला. मी एका अॅम्प्लिफायरमध्ये डोकं खुपसून सोल्डरिंग करत बसले होते.

"भैया कब आएँगे?"

"भैया नहीं हैं. जो हूँ, मैं ही हूँ."

तो ओशाळला. तेवढ्यात आईचा फोन आला आणि मी "हो गं, खाल्ला डबा!" म्हणाले, तसा त्याचा चेहराच उजळला.

"अरे, मराठी! मग तर तुम्हालाच दाखवतो."

पिशवीतून बास गिटार निघाली. जुनी, जड, मरून रंगाची. त्याच्या गोपीनाथ काकांची. सरकारी नोकरी सांभाळून काका वीस वर्षं लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. ब्याऐंशी साली स्कूटर विकून त्यांनी ती एका हॉटेलातल्या वादकाकडून घेतली होती. तो वादक म्हणाला होता, अस्सल अमेरिकन आहे. ऑर्केस्ट्रातले मात्र चाळीस वर्षं हसत राहिले, की गोपीनाथच्या गळ्यात कोणीतरी नक्कल मारली.

"विकायची नाहीये," विक्रांत म्हणाला. "चौऱ्याहत्तर वर्षांचे झालेत. म्हणतात, खरी की खोटी, एकदा कळू दे फक्त."

मी स्क्रू काढले, वरची पट्टी उचलली. मरून रंग मागाहून दिलेला होता. पट्टीखाली मूळचा रंग तसाच होता, मधासारखा. तारांचा आवाज उचलणारा एक जादा पिकअप बसवला होता. त्यासाठी कुण्या फर्निचरवाल्या सुताराने पटाशीने लाकूड कोरलं होतं, बिचाऱ्याने जीव लावून, पण वाकडं. तारा अडकवायचा ब्रिजही बदललेला. पण गिटारची मान काढली, तर तिच्या टोकाला कारखान्याची तारीख होती. आवाजाच्या बटणांखाली त्याच वर्षाचे शिक्के. कापडी वेष्टणाच्या तारा. मूळच्या पिकअपचं, पन्नास वर्षांत कोणी हात न लावलेलं सोल्डरिंग.

वीस मिनिटांत मला कळलं होतं. ती खरी होती.

मी मान वर केली. तो टेबलावर ओणवा होऊन बघत होता, इतका जवळ, की त्याच्या स्वेटरला येणारा उन्हाचा वास मला येत होता.

"काय म्हणते?" तो हळूच म्हणाला.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "एवढ्यात नाही सांगता येणार. पुढच्या शनिवारी घेऊन या."

"ठेवून जाऊ?"

"ठेवा की."

"नको... काका तिच्याशिवाय झोपत नाहीत." मग तो हसला. "मीच घेऊन येतो. तिला आणि मला, दोघांनाही."

दुसऱ्या शनिवारी तो मिठाच्या पुडीसकट पेरू घेऊन आला.

"जांब आणलेत."

"पेरू म्हणतात त्याला."

"पुण्यात म्हणत असतील. आमच्या घरी नागपूर अजून सुटलेलं नाही. जांबच!"

अर्धा पेरू त्याने, अर्धा मी. त्या दिवशी मी तेच स्क्रू पुन्हा काढले आणि पुन्हा लावले. तो मंडीदीपच्या आपल्या कारखान्यातल्या गमती सांगत राहिला, मी भिंग डोळ्याला लावून ऐकत राहिले. भिंगातून मी काहीच बघत नव्हते.

तिसऱ्या शनिवारी त्याने वाजवून दाखवली. पहिलाच खर्जातला स्वर टेबलातून माझ्या कोपरांत शिरला, आणि डबीतले स्क्रू थरथरले.

"तू छान वाजवतोस."

"आज 'तू'?" त्याने बोटं तारांवरच ठेवली. "चला, तपासणी पुढे सरकतेय म्हणायची."

मी लाजून खाली बघितलं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण सांगितलं, की काम संपलं. काम संपलं, की तो कशाला येणार?

चौथ्या शनिवारी त्याने विचारलं, "शमिका, काही वाईट आहे का? काका रोज विचारतात — डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"एकच गोष्ट बघायची राहिलीये. पुढच्या शनिवारी नक्की."

"पक्का?"

"पक्का."

मी खरंच ठरवलं होतं. लेटरहेडवर अहवाल लिहिला, खाली सही केली. पाचव्या शनिवारी केसांत अबोलीही माळली होती.

तो आला. पाठ रिकामी होती.

"काकांनी दिली," तो स्टुलावर बसत म्हणाला. "मंगळवारी जुन्या वाद्यांचा कोणी व्यापारी इंदूरहून आला होता. मी ड्यूटीवर. अठरा हजारांत दिली. म्हणाले, 'एवढा उशीर लागतोय म्हणजे नकलीच आहे. पोरगी भली आहे, म्हाताऱ्याला दुखवायला नको म्हणून तारखा देतेय.'"

सही केलेला अहवाल माझ्यासमोर टेबलावरच होता.

"विक्रांत... ती खरी होती."

"काय?"

"अस्सल. रंग बदलला, लाकूड कोरलं, म्हणून किंमत निम्म्यावर आली असेल. तरी दोन लाखांच्या खाली नाही."

तो ताडकन उठला. "कधी कळलं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं, काल कळलं.

"पहिल्याच दिवशी."

"मग —"

"तू परत आला नसतास... म्हणून."

बाहेर कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं. मग त्याने टेबलावरचा अहवाल उचलला, वाचला, नीट घडी घालून माझ्या हातात दिला.

"हे काकांना तू सांग. माझ्याने नाही होणार."

इथल्याच शिवाजी नगरात मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये काका राहायचे. अंगणात ऊन खात बसले होते. मी सगळं सांगितलं, स्वतःचा गुन्हाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं —

"खरी होती?"

"हो काका."

"नक्की?"

"नक्की."

"बघ विक्रांत!" ते एकदम लहान मुलासारखे हसले. "ऑर्केस्ट्रातल्या त्या पुंडलिकला सांगायला हवं होतं... पण तो गेला गेल्या वर्षी." हसता हसता त्यांचा हात मांडीवर आडवा सरकला, तिथे काही नव्हतं. त्यांनी तो हात परत शालीत घेतला.

ते मला रागाचा एक शब्द बोलले नाहीत. उलट आतून चहा मागवला.

विक्रांत दुसऱ्या दिवशीच इंदूरला गेला. गिटार तोवर बंगळुरूला पोहोचली होती. कोणाकडे, ते व्यापाऱ्याने सांगितलं नाही. ही बातमीही त्याने मला मेसेजवर कळवली, दोन ओळींत. मी मोठी माफी लिहिली. त्याने लिहिलं, 'ठीक आहे'. त्यानंतर दर शनिवारी मी दार वाजलं की मान वर करायची. कधी कुरियरवाला असायचा, कधी कोणी माइक घेऊन आलेलं.

दीड महिन्याने धीर करून काकांकडे गेले. विक्रांत इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यात लागला होता, आठवडाच झाला होता जाऊन.

"चिडलाय अजून?" मी विचारलं.

"तुझ्यावर कमी, स्वतःवर जास्त." काका म्हणाले. "शनिवारी त्याची ड्यूटी असायची, माहितीये? दर वेळी कोणाशी तरी बदलून घ्यायचा, रात्रपाळी करायचा. मी म्हटलं, रविवारी जा की. तर म्हणाला, रविवारी तिचं दुकान बंद असतं. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाला होता — काका, तुमची गिटार खरी निघो की खोटी, मला तिथे परत जायचंय."

कोपऱ्यावरच्या गुलमोहराखाली मी स्कूटर थांबवली आणि फोन लावला. बरीच रिंग गेली.

"हॅलो." मागे यंत्रांची घरघर होती.

"मी शमिका."

"माहितीये."

"मला काही सांगायचं होतं... पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं..."

"गिटारबद्दल?"

"नाही."

घरघर ऐकू येत राहिली.

"मलाही सांगायचं होतं, शमिका," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तेव्हा."

मग तिकडे भोंगा वाजला. "जातो," तो म्हणाला. मी "हो" म्हटलं, आणि फोन त्यानेच बंद करावा म्हणून कानाशी धरून उभी राहिले. तोही बराच वेळ तसाच असावा. भोंगा थांबल्यावर त्याचा श्वास मला ऐकू आला.