गोदामातून येणारं उत्तर

हे खरं घडलंय. ज्याच्यासोबत घडलं तो गोपाल, माझा मावसभाऊ, आजही आमच्याकडे आला की दार पूर्ण लावू देत नाही.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली रणरणती दुपार. मलकापूरच्या बाहेर, हायवेला लागून असलेलं धान्याचं एक खासगी गोदाम.

गोपाल कॉम्प्युटरच्या नेटवर्कची कामं करतो. कीर्तनाचं भारी वेड. काम करतानाही कानात कुठल्या तरी बुवांचं निरूपण चालूच.

गोदामाशेजारच्या ऑफिसात हिशेब पाहणाऱ्या जयमालाताई वैतागून बसल्या होत्या.

"आला का बापा! गोदामात मागच्या केबिनीतला कॉम्प्युटर नेटवर्कवरून सारखा तुटून राह्यला. दुसरं कोणतं तरी मशीन त्याचाच नंबर घेऊन बसलं, असं म्हणते हे."

नेटवर्कात प्रत्येक मशीनला घरासारखा नंबर असतो. एका नंबरावर दोघं आले की भांडण.

"पण दुसरं मशीन हाये कुठं, ताई?"

"मले माहीत असतं तर तुले कायले बोलावलं असतं?"

धान्य म्हणजे लक्ष्मी. त्या गोदामात कोणी चप्पल घालून जात नाही. गोपालनेही उंबऱ्यापाशी चप्पल काढली... आणि पिशवीत टाकली.

"पिशवीत काऊन बे?"

"सप्ताहात नवी जोडी चोरीले गेली ना, ताई. कीर्तनात ध्यान लागलं होतं."

"मन देवापाशी अन् चप्पल चोरापाशी!" ताई हसत हसत जेवायला घरी गेल्या.

त्या दिवशी पोत्यांना कीड मारायच्या गोळ्या ठेवायच्या होत्या. विषारी गॅस सुटतो त्यातून. काम संध्याकाळचं होतं. पण हमालांचे मुकादम पुंजाजी यांनी ते दुपारीच उरकायला घेतलं.

त्यांची पद्धत साधी. बाहेर चपला नाहीत, म्हणजे आत माणूस नाही.

एक हाकही मारली म्हणे त्यांनी. गोपालच्या कानात बुवा रंगात आले होते.

केबिन अगदी मागे, पोत्यांच्या थप्प्यांआड. भिंतीवरच्या डबीत सगळ्या तारा येत होत्या. गोपालने लॅपटॉप त्या डबीला जोडला आणि भांडणाऱ्या नंबराला हाका मारायला लावल्या. म्हणजे लॅपटॉप विचारत राहतो, मशीन असेल तर उत्तर येतं.

उत्तर येत होतं.

मग एकेक तार उपसायला लागला. ज्या तारेने उत्तर थांबेल, तिथे खोट.

पहिली काढली. उत्तर आलं.

दुसरी. आलं.

शेवटची काढली. आता डबीत फक्त त्याच्या लॅपटॉपची तार होती...

उत्तर आलं.

त्याच क्षणी गोदामाची लाईट गेली. पंखा थांबला. डबीवरचे दिवे विझले.

त्याने कानातले इअरफोन काढले. लांबून आवाज येत होता... फस्स... फस्स... ओली माती दाराच्या फटींवर फासल्याचा.

आणि लसणासारखा उग्र वास.

गोपाल धावला. दोन्ही हातांनी लोखंडी दार बडवलं.

"मामा! पुंजाजीमामा! मी आत हाये!"

काही नाही. गोळ्या ठेवल्या की माणसं तिथे थांबत नाहीत. पत्र्याखाली मोबाईलला रेंज नाही. खिडकी एकही नाही.

डोळे चुरचुरायला लागले. विठ्ठल विठ्ठल म्हणत, तोंडाला रुमाल लावून तो चाचपडत केबिनीत परतला. एकच आशा होती. ऑफिसातला प्रिंटर. ऑफिसची तार डबीत परत खोचली, "मी गोपाल, गोदामात अडकलोय, दार उघडा" असं लिहिलं आणि बटण दाबलं.

लॅपटॉपला प्रिंटर सापडला नाही.

कसा सापडणार? डबीतच वीज नव्हती.

तरी लॅपटॉपच्या पडद्यावर ओळी सरकत होत्या.

उत्तर... उत्तर... उत्तर...

गोपाल खाली बसला. धाप लागली होती. तेवढ्यात त्याला कळलं... उत्तर यायचं, तेव्हाच शेजारच्या थप्पीमागे कोणीतरी श्वास घेत होतं.

"कोण हाये?"

श्वास थांबला.

पडद्यावरची ओळही थांबली.

मग धाडकन दार उघडलं. उजेड आला. पुंजाजी आणि दोघं हमाल ओले पंचे तोंडाला बांधून आत शिरले, त्याला फरफटत बाहेर आणलं. जयमालाताई रडत उभ्या होत्या.

"जेवून आली, तं प्रिंटरवर हा कागद!"

पुंजाजींनी गोपालचे खांदे हलवले. "दुसरा कुठं हाये बे?"

"दुसरा कोण? मी एकटाच होतो."

ताईंनी कागद पुढे केला. एकच ओळ होती.

आम्ही दोघं आत आहोत.

हमालांनी पुन्हा आत जाऊन बॅटरीने कोपरान् कोपरा पाहिला. कोणी नव्हतं.

"मामा, याच्या आधी कोणी आत राह्यलं होतं का?" गोपालने विचारलं.

पुंजाजींनी उंबऱ्याकडे पाहिलं. "आपण चपला पाह्यतो. अनवाणी आलेल्याले कोण मोजते?"

गोळ्या पडल्या होत्या, गॅस सुटला होता. दार परत लावलं. माती परत फासली. गोपाल "नका लावू, आत कोणी हाये" म्हणत राहिला. कोणाकोणाला अडवणार?

मग तो ऑफिसात बसला. समोर ताईंचा कॉम्प्युटर होता. न राहवून त्याने त्याच नंबराला हाक मारली.

उत्तर आलं.

पुन्हा आलं. जरा उशिराने.

मग आणखी उशिराने.

दिवेलागणीच्या सुमारास एक आलं... फार वेळाने. त्यानंतर नाही.

गोपाल त्या गोदामाचं काम आता घेत नाही. मी देवापुढे दिवा लावते तेव्हा गोपालसाठी हात जोडते, आणि त्या दुसऱ्यासाठीही.

फक्त त्याचं नाव काय घ्यावं, ते समजत नाही.