चार टक्क्यांची आघाडी

बेल दोघांनी एकदमच वाजवली. म्हणजे बोट कल्पिताचं आधी पोचलं, आणि विनीतचं तिच्या बोटावर पडलं. त्याने हात झटकन मागे घेतला.

"सॉरी… तुम्ही आधी."

"आधीच आहे मी," ती म्हणाली.

डोंबिवली पूर्वेची जुनी इमारत, चौथा मजला, लिफ्ट बंद. दोघांनाही धाप लागली होती. दार एका आजींनी उघडलं. त्यांनी दोघांना नीट पाहून घेतलं.

"या, या. पत्रिका द्यायला आलात ना? कोणाचं लग्न, तुमचंच का?"

"नाही हो आजी! मी शेवंतीताईंकडून आलेय. सर्व्हे आहे."

"आणि मी रवींद्रसाहेबांकडून," विनीत म्हणाला. "माझाही सर्व्हेच आहे."

"मग आत येऊन भांडा. दारात नको, डास येतात."

पालिकेची निवडणूक आली होती. त्या वॉर्डात एकाच पक्षाचं तिकीट मागणारे दोघे होते. शेवंतीताई म्हणजे कल्पिताची आई. वीस वर्षं पक्षाचं काम केलं, पण तिकीट एकदाही मिळालं नाही. या वेळीही गेलं तर पुढच्या वेळी आपल्याला कोणी विचारणार नाही, हे त्यांना माहीत होतं. दुसरे रवींद्रसाहेब. त्यांच्या ऑफिसात विनीत लोकांच्या पाण्याच्या, गटाराच्या तक्रारी घ्यायचा आणि त्या सुटेपर्यंत पालिकेत खेपा घालायचा. राहायला विठ्ठलवाडीला. कल्पिता कल्याणच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवायची.

दोघांचे सर्व्हे ठाण्याला पक्षाच्या ऑफिसात पोचले. जिल्ह्याचं काम बघणाऱ्या बाबुरावांनी ते शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा काढला.

"ह्यात ताई पुढे, त्यात रवींद्र पुढे. मी काय नाणं उडवू? आता ही दोघं पोरं एकत्र फिरतील. एका घरी हिने विचारायचं, ह्याने लिहायचं. पुढच्या घरी उलट. म्हणजे लबाडी नको. जो पुढे येईल त्याला तिकीट."

असे ते दोघे एकत्र फिरायला लागले.

डिसेंबरचे दिवस होते. संध्याकाळी वारा गार सुटायचा, आणि त्यात एमआयडीसीचा वास मिसळलेला असायचा. कल्पिता भरभर चालायची. विनीत मागून यायचा.

"मॅडम, सर्व्हे आहे, मॅरेथॉन नाही."

"तुमचे साहेब तुम्हाला बसवूनच ठेवतात वाटतं."

"बसवून? काल टँकरच्या मागे शीळफाट्यापर्यंत गेलेलो मी."

"मग आला का टँकर?"

"आला ना. पण आमच्याकडे नाही."

ती हसली. हसल्यावर तिने लगेच तोंड वळवलं, दुसऱ्या गटाच्या माणसासमोर हसायचं नव्हतं तिला. त्याने ते पाहिलं, आणि दिवसभर काही ना काही बोलून तिला हसवायचा प्रयत्न करत राहिला.

घराघरात चहा मिळायचा. कल्पिताला साखर कमी लागायची, आणि कुठल्याही घरी सांगायला ती लाजायची. चौथ्या-पाचव्या घरापासून विनीतच सांगायला लागला, "काकू, एक कप कमी साखरेचा." त्याने ते असं सहज म्हटलं, की काकूंना वाटलं ह्यालाच हवाय. त्यांनी तो कप त्याच्यासमोर ठेवला. त्याने कप बदलला. कधी "तुम्ही"चं "तू" झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सोबत कोणी चालत असलं की रस्ता किती लांब होता ते कळत नाही. पुढे एकट्याने चालताना कळतं. त्या दोघांना अजून ते कळायचं होतं.

शेवटचं घर झालं, आणि ते रस्त्यावर येऊन उभे राहिले. कोणीच निघेना.

"हा सर्व्हे संपूच नये असं वाटतंय," विनीत म्हणाला.

कल्पिताने रिक्षाला हात केला. पण रिक्षात बसल्यावर तिने मागे वळून पाहिलं. तो तिथेच होता.

घरी येऊन तिने आकडे मांडले. शेवंतीताई शेहेचाळीस टक्के, रवींद्र बेचाळीस, बाकीचे ठरलं नाही म्हणणारे. आईने साखरेचा डबा उघडून तिच्या तोंडात साखर घातली. ताई रडल्या पण. कल्पिताला मात्र राहवेना. एवढ्याशा सर्व्हेत चार टक्के म्हणजे काहीच नाही, हे ती रोज शिकवायची. सवयीने तिने आकडे फोडून बघितले. जिथे तिने प्रश्न विचारला होता, त्या घरांमध्ये आई अठ्ठावन्न. जिथे विनीतने विचारला होता, तिथे चौतीस.

तिने पुन्हा मोजून पाहिलं. आकडे तेच.

दुसऱ्या दिवशी तिने विनीतला कॉलेजजवळ काळ्या तलावावर बोलावलं.

"लोकांनी आपल्या तोंडाकडे बघून उत्तरं दिली रे. मला सगळे ओळखतात. ताईंची मुलगी दारात उभी, तिला नाही कसं म्हणायचं? आणि तू दिसलास की त्यांना पाण्याची तक्रार आठवली."

विनीतने आकडे पाहिले. "म्हणजे ही आघाडी…"

"आघाडी नाहीच आहे. कोण पुढे ते आपल्याला माहीतच नाही."

"हे मी साहेबांना सांगितलं तर उद्याची तिकिटाची मीटिंग फिरेल."

"सांग ना. तुझं कामच आहे ते."

त्याने कागद तिला परत दिला. "आकडे तू काढलेस. सांगायचं की नाही ते तूच ठरव. मी गप्प राहीन."

"गप्प राहशील? मला बरं वाटावं म्हणून?" तिचा आवाज चढला. "सगळे समोरच्याला बरं वाटेल तेच बोलतात. काल तू बोललास… तेही तसंच असेल."

"कल्पिता, मला तुझ्या सर्व्हेत घालू नकोस," तो म्हणाला आणि निघून गेला.

मीटिंगमध्ये बाबुराव म्हणाले, "चार टक्क्यांनी ताई पुढे. मग जाहीर करू?"

शेवंतीताईंनी पदर सावरला. कल्पिता उठली. तिने सगळं सांगितलं. कोणी विचारलं की कोण पुढे जातं, तेही सांगितलं. आईकडे मात्र तिने पाहिलं नाही.

"तुला माहीत होतं हे?" बाबुरावांनी विनीतला विचारलं.

"कालपासून."

"आणि स्वतःच्या साहेबाला नाही सांगितलंस?"

"आकडे मॅडमचे होते. बोलायचं त्यांनीच."

रवींद्रसाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की नोकरी गेलीच असं कल्पिताला वाटलं.

बाबुरावांनी कळव्याहून मुलं पाठवली. त्यांना वॉर्डात कोणी ओळखत नव्हतं. नवीन सर्व्हेत रवींद्र बारा टक्क्यांनी पुढे निघाले. तिकीट त्यांना मिळालं.

ताई मुलीशी मोजकंच बोलायच्या. जेवायला वाढायच्या, बस. मग एका दुपारी मेथी निवडताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "तो मुलगा… नोकरी आहे का त्याची?"

"आहे म्हणे. पण साहेब अजून धड बोलत नाहीत त्याच्याशी."

"मी त्याच्या जागी असते तर बोलून मोकळी झाले असते." ताईंनी एक जून काडी बाजूला टाकली. "वीस वर्षं काढली या लोकांत. एवढं हातात आलेलं कोणी सोडलेलं मी बघितलं नाही. रविवारी जेवायला बोलाव त्याला. पण प्रचाराची टोपी घालून आला तर दारातून परत पाठवीन."

कल्पिताने त्याच संध्याकाळी विनीतला फोन करून पुन्हा तलावावर बोलावलं. ती पोचली तेव्हा तो आधीच येऊन बसला होता. तिने निरोप सांगितला. मग म्हणाली, "त्या दिवशी बोललास ते पुन्हा सांग. पण मला बरं वाटेल असं नको. खरं सांग."

तो तिच्याकडे वळून बसला.

"खरं? माझं मत तुमच्या वॉर्डात नाही. असतं तर साहेबांनाच दिलं असतं. तुझी आई हरली म्हणून मला वाईट वाटलं नाही… तू हरलीस म्हणून वाटलं. तू फार भरभर चालतेस. भांडताना वर्गात शिकवल्यासारखी भांडतेस. आणि…"

"आणि?"

"आणि मला लग्न तुझ्याशीच करायचंय."

तिचे कान लाल झाले होते.

"हे शेवटचं… मला बरं वाटावं म्हणून बोललास?"

"नाही. पण वाटलं का?"

कल्पिताने आधी तलावाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. या वेळी तिने तोंड वळवलं नाही.

"वाटलं," ती म्हणाली.