फुटक्या कानाच्या माकडाची सुरमादाणी

सरकारी अहवाल म्हणतो: "राजाच्या थडग्यातून एकही वस्तू गहाळ झालेली नाही. जी गहाळ झाली ती पहारेकरी शाझली याने चोरली. आणि त्याचा पुरावा त्याच्या सख्ख्या बहिणीने स्वमुखाने, सर्वांसमक्ष, गाऊन दिला."

हे लिहिणाऱ्याला त्यातला विनोद दिसला नाही. वस्तू गहाळच नसेल, तर चोरी कशाची? आणि चोरी झाली असेल, तर पहिले वाक्य कोणाची अब्रू झाकण्यासाठी? अर्थात, हाताखालच्या माणसाला अडकवायचे असले की तर्कशास्त्राला सुट्टी देण्याचा प्रघात जगभर आहे. त्याचे नवल नको. अहवालाची खरी खोट आहे ती एका शब्दात.

स्वमुखाने.

ही हकीकत खरी आहे. भुताखेतांसाठी ज्यांना अंधार लागतो त्यांची मात्र थोडी निराशा होईल. ती घडली लख्ख उन्हात, नाईलच्या पश्चिम काठावर, कुर्ना गावाच्या धक्क्यावर, १९३४ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी.

त्या दिवशी राजाची शवपेटी नावेत चढवून कैरोला न्यायची होती. डोंगरातले त्याचे थडगे नुकतेच उघडले होते, आणि आतले सोने, पलंग, रथाची चाके, अत्तराच्या कुप्या असे सगळे आधीच पेट्यांत बंद झाले होते. उरला होता तो स्वतः.

धक्क्यावर गावातल्या बाया जमल्या. काळे झगे आणि ओढण्या, गालांना शोकाची नीळ, डोक्यावर मूठमूठ धूळ. पुढे नफूसा, थडग्यावरच्या पहारेकरी शाझलीची थोरली बहीण. आसपासच्या कुठल्याही गावात मयत झाले की रडगाण्याला पहिला सूर तिचा असे.

उत्खननावरचा अधिकारी रुश्दी एफेंदी, म्हणजे रुश्दीसाहेब, कोटाला धूळ लागू नये म्हणून लांब उभा होता.

"बायांनो, तुम्हाला तीन हजार वर्षं उशीर झालाय," तो हसून म्हणाला.

"आम्हाला कसला उशीर, एफेंदी?" नफूसा म्हणाली. "त्याला घरातून बाहेर तर तुम्ही आत्ता काढलंत. गावातलं माणूस गाव सोडून चाललंय. त्याच्यामागं रडायला कुणी नको?"

"तुमचा कोण लागतो तो?"

"शेजारी," मागून बहिय्या म्हणाली. ती नफूसाची जन्माची सोबतीण. "आणि तुमच्यापेक्षा बरा. कधी कुणाला शिवी दिली नाही."

बाया पदराआड हसल्या. रुश्दी हसला नाही.

मग नफूसाने सूर लावला. तिकडच्या रडगाण्याची रीत अशी, की मेलेल्याला घराचा भार वाहणारा उंट म्हणायचे, त्याची एकेक वस्तू नाव घेऊन पुकारायची आणि ती आता कोण वापरणार, हे विचारायचे. दर ओळीनंतर बाकीच्यांनी छाती पिटत साथ द्यायची.

"तुझी काठी कोण टेकणार, अरे आमच्या घरच्या उंटा?"

"अरे उंटा, अरे उंटा…"

"तुझं पागोटं कोण बांधणार, अरे आमच्या घरच्या उंटा?"

"अरे उंटा, अरे उंटा…"

पागोट्यापर्यंतचे नफूसाला आठवते. ऊन डोक्यात शिरले होते. घसा लाकडासारखा कोरडा पडला होता. पेटी वाहणारे गडी तिच्या अगदी जवळून चालले होते…

त्यानंतर तिला आठवते ती फक्त शांतता.

साथ थांबली होती. छाती पिटणारे हात हवेतच राहिले होते. गड्यांनी पेटी वाळूवर टेकवली होती. आणि सगळ्या बाया तिच्याकडे पाहत होत्या.

"काय झालं गं?" तिने विचारले.

बहिय्या कुजबुजली, "तू काय म्हणालीस ते?"

"काय म्हणाले?"

"सुरमादाणी. सोन्याची. माकडानं पोटाशी धरलेली. 'माकडाचा कान कोणी फोडला? आता माझ्या डोळ्यांत सुरमा कोण घालणार?' 'माझ्या' म्हणालीस, नफूसा. 'तुझ्या' नाही."

"मी नाही म्हणाले."

"अगं, सगळ्यांनी ऐकलं. तुझाच आवाज होता. फक्त…"

"फक्त काय?"

"खालून आल्यासारखा."

धक्क्यावर ठाण्याचा प्रमुख हजर होता. त्याला तिकडे मामूर म्हणतात. तो जातीचा संशयी. त्याने त्याच पावली राजाच्या शृंगाराची पेटी उघडायला लावली. आत प्रत्येक वस्तूसाठी लाकडात त्या-त्या आकाराची खाच कोरलेली होती. आरसा होता. कंगवा होता. चिमटा होता.

एक खाच रिकामी होती.

बसलेल्या लहानग्या माकडाच्या आकाराची…

थडग्यातल्या वस्तूंची नोंद रुश्दीने केली होती आणि तीत सुरमादाणी नव्हती. म्हणजे कागदावर काहीच गहाळ नव्हते. पण खाच होती, आणि पहारेकऱ्याच्या बहिणीला आत काय होते ते ठाऊक होते. रुश्दीने लगेच बोट दाखवले. "शाझलीनंच चोरली. घरी नेऊन दाखवली असणार. नाहीतर हिला स्वप्न पडलं?"

संध्याकाळच्या आत शाझली कोठडीत होता. कबूल झाला नाही तर दगडाच्या खाणीत सक्तमजुरी, आणि झाला तरी तेच.

नफूसा भाकरी आणि कांदा घेऊन कोठडीच्या गजाशी गेली. त्याच्या तळपायांवर वळ होते.

"ताई, तुला कुणी सांगितलं गं?" त्याने विचारले.

"कुणीच नाही रे."

"मग मला कशाला बुडवलंस?"

तिने भाकरी गजांतून आत सरकवली आणि निघाली. ती दारोदार फिरली. आवाज माझा होता का? ओठ हलताना कुणी पाहिले का? पण रडताना बाया पदर तोंडावर ओढून घेतात. सगळ्यांनी ऐकले होते. पाहिले कुणीच नव्हते. आणि आता त्याच बाया तिला दारातून आत घेईनात. कुणाला वाटे, ती चोराची भागीदार आहे. कुणाला वाटे त्याहून वाईट. बहिय्यासुद्धा बोलताना तिच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागली.

नफूसालाही आपल्याच तोंडाचा भरवसा वाटेनासा झाला.

मामूरने तिला जबानीसाठी बोलावले तेव्हा रुश्दी शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याच्या पापण्यांच्या कडेला तिला एक बारीक काळी रेघ दिसली. डोळे आले असतील, असे तिला वाटले. डोळे आल्यावर तिकडे सगळेच सुरमा घालतात.

दुसऱ्या खेपेला रेघ जाड होती.

तिसऱ्या खेपेला…

ती डोळ्याच्या कोपऱ्यातून निघून थेट कानशिलाकडे गेली होती. नितळ, कोरीव. थडग्यांच्या भिंतींवर राजांचे डोळे रंगवलेले असतात, तशी.

रुश्दी मात्र शाझलीला खाणीत कधी धाडणार, हे शांतपणे विचारत होता.

नफूसाला राहवले नाही. "एफेंदी, तुमच्या डोळ्यांत सुरमा कुणी घातला?"

"कसला सुरमा?"

"हा काय. कानापर्यंत ओढलाय."

"मामूरसाहेब, ही बाई वेडाचं सोंग करतेय. भावाला सोडवायचंय तिला."

मामूरही त्या डोळ्यांकडेच पाहत होता, आणि बहुधा पहिल्या दिवसापासून पाहत होता. त्याने आपली चकचकीत सिगारेटची डबी उलटी करून पुढे सरकवली.

"स्वतःच बघा, एफेंदी."

रुश्दीने पाहिले. खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला. डोळे पुसले. जोरात पुसले. पुन्हा पुसले.

रुमाल पांढराच राहिला.

रेघ जागची हलली नाही.

"सकाळी धुतलं होतं मी," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "रोज धुतो. दार बंद करून झोपतो…"

"दार कुणासाठी बंद करता?" मामूरने विचारले.

रुश्दीने रुमालाची घडी घालून तो टेबलावर ठेवला. मग त्याने लेखनिकाला बोलवायला सांगितले.

सुरमादाणी त्याच्या घरी, हिवाळी बुटाच्या आत सापडली. माकडाचा एक कान नव्हता. शाझली सुटला, थोडा लंगडत, पण स्वतःच्या पायांनी घरी आला. रुश्दीची बदली झाली, जिला त्या खात्यात शिक्षा म्हणतात. अहवाल मात्र अजून तसाच आहे. छापून झालेले असत्य दुरुस्त करण्याइतके दुसऱ्याचे नाव कोणाला मोलाचे वाटले नाही.

नफूसाला अक्षर येत नव्हते. तुझ्यावरचा डाग गेला हे तिला कळावे, म्हणून मामूरने रुश्दीची जबानी तिला वाचून दाखवली. त्याचा हेतू चांगला होता. पण त्या दिवसापासून नफूसाने कोणाच्याही मयताला सूर लावला नाही. पेटी जवळून जाऊ लागली की ती दोन्ही हातांनी कान घट्ट दाबून धरी.

जबानी शब्दशः अशी:

"सुरमादाणी मी घेतली. नोंद करण्याआधी, शाझलीला काहीतरी कामाला बाहेर पाठवून. त्यानं ती कधी पाहिलीसुद्धा नाही. कान माझ्या हातून फुटला. तेव्हा आत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. या बाईला कसं कळलं, ते मला विचारू नका. तिला काहीच कळलेलं नाही. त्या दुपारी बाकीच्यांच्या माना खाली होत्या, पण मी तिच्याकडेच बघत होतो. तिनं पाण्याची सुरई तोंडाला लावलेली होती. ती पाणी पीत होती. आवाज पेटीतून येत होता. ते रडगाणं आहे असं सगळ्यांना वाटलं. नव्हतं. तो मला विचारत होता."