हौदातली ओहोटी

या, अंमळ पुढं सरका. मागं पंख्याखाली बसलात तर अर्धं ऐकाल आणि उरलेलं मनाचं घालाल. बुवा अजून चहा घेताहेत, मृदंगाला कणीक लागतेय, कीर्तनाला अवकाश आहे. तोवर एक गोष्ट ऐका. जे कळलं तेवढंच सांगेन; जिथं कळलं नाही, तिथं कळलं नाही असंच म्हणेन.

सोलापुरात विजापूर रस्त्यापासून आत आमची वसाहत. तिथं रामहरी सरांचं घर. सर कॉलेजात ग्रंथपाल होते, निवृत्त झाले. घरापुढं जेमतेम अंगण, अंगणात जमिनीखाली सिमेंटचा हौद, वर लोखंडी झाकण. नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी, त्यामुळं अख्ख्या गल्लीचा जीव आपापल्या हौदात. घरात सर आणि त्यांच्या मंडळी वच्छलाबाई, दोघंच. मूलबाळ नाही. पण सरांचा भाचा युवराज शाळेपासून याच घरात वाढला, वच्छलाबाईंच्या हातचं खाऊन.

युवराज मूळचा माढ्याकडचा, उजनीच्या पाण्यात होडी चालवणारा. दिवाळीनंतर त्याच्या डोक्यात आलं, की होडीतून समुद्र गाठायचा. उजनीखालून भीमेत उतरायचं, भीमा कृष्णेला मिळते तिथून कृष्णेत, आडवं धरण आलं की होडी ट्रॅक्टरवर घालून पलीकडं. असं करत पार आंध्रात, जिथं कृष्णा समुद्राला मिळते तिथं. मग किनाऱ्याकिनाऱ्यानं मच्छलीपट्टण. सोबतीला अक्कलकोटचा बसू, म्हणजे कानडी-तेलुगू मुलखात बोलायची सोय.

"वाटेची पुस्तकं आन नकाशे मामा काढनार," असं युवराजनं जाहीरच करून टाकलं.

सर फुलून गेले. महिनाभर त्यांच्या पलंगावर झोपायला जागा नव्हती. सर्वेक्षणाचे नकाशे, पाटबंधारे खात्याचा बंधारे दाखवणारा नकाशा, चार राज्यांची प्रवासी पुस्तकं. सर एकेक उचलायचे, पाठीमागचं छपाईचं साल बघायचे, नाक मुरडून बाजूला टाकायचे. जुनी आवृत्ती वाचकाच्या हाती द्यायची नाही, हे त्यांनी उभा जन्म पोरांना शिकवलं होतं. वच्छलाबाईंनी नदीच्या माहात्म्याची पोथी पुढं केली. "ह्यात समदे संगम हायेत, घाट हायेत. ही न्या म्हनावं."

"अगं, पोथीवर होडी चालत नाही."

"होडी पान्यावर चालती. पोथी धीराला," बाई म्हणाल्या आणि हसल्या. त्या सगळ्यालाच हसायच्या. कीर्तनात पुढच्या ओळीत बसून बुवांच्या विनोदाला सगळ्यांत आधी हसणाऱ्या त्याच.

मग समुद्राचा नकाशा आला. सरांनी तो जमिनीवर पसरला. आपल्या नकाशात जमीन भरलेली आणि पाणी नुसतं निळं. इथं उलटं. पाणी खोलीच्या आकड्यांनी गच्च भरलेलं आणि जमीन पिवळी, कोरी.

"ह्यात आपलं सोलापूर कुटंय?" बाईंनी विचारलं.

"सोलापूर नसतं यात."

"मग आपन कुटं हाय?"

सर हसले. पण नकाशाची घडी त्यांनी जरा घाईनंच घातली.

राहिलं भरती-ओहोटीचं पुस्तक. नदीच्या मुखाशी पाण्याखाली वाळूचा बांध असतो. भरती चढलेली असताना त्याच्यावरून अलगद जाता येतं. ओहोटीत तिथंच लाटा फुटतात आणि होडी उलटी करतात. म्हणून ते पुस्तक हवंच, आणि ते दर वर्षी नवं निघतं. सरांनी मागवलेलं वेळेत आलं नाही. नव्या पेठेत एका रद्दीवाल्याकडं एक मिळालं, काही वर्षांपूर्वीचं, तेही मुंबईकडच्या किनाऱ्याचं. सर थबकले. मग त्यांनी मनाशी हिशेब मांडला, की भरती चालते चंद्रावर. तिथी तीच तर भरती तीच, किनारा कुठला का असेना. पंचांग घेऊन बसले, तेव्हाची अष्टमी यंदाच्या अष्टमीला जुळवली, समासात पेन्सिलीनं नव्या तारखा घातल्या आणि सालावर, किनाऱ्याच्या नावावर खाकी कव्हर चढवलं. समुद्र न पाहिलेल्या शहाण्यालाच सुचेल अशी ही युक्ती.

एवढ्यावर भागलं असतं. पण वाचनालयानं निरोपाची सभा घेऊन सरांना शाल-श्रीफळ दिलं. सरांनी भाषण केलं. मागून कुणीतरी सहज विचारलं, "पुस्तक यंदाचंच ना सर?"

"म्हणजे काय," सर म्हणाले.

टाळ्या पडल्या. युवराज पुढच्या खुर्चीत बसून सगळ्यांत जोरात वाजवत होता.

होडी निघाली. रोज फोन यायचा. बंधारे नकाशात होते तिथंच भेटत होते. धरणं मागं पडली. युवराज कृष्णेच्या शेवटच्या टप्प्यात उतरला त्या सुमाराला एका सकाळी वच्छलाबाईंनी हौदाचं झाकण उचललं. पाणी काठोकाठ होतं.

"काल तर कळशी तळाला खरवडत हुती," त्या म्हणाल्या.

कुंपणापलीकडून नीलम्मा बघत होती. शेजारीण, तोंडाची फटकळ. "काय सर, नळाला मोटार लावलात काय? आमच्या हौदात पाल पडली तर बुडंना, आन तुमचं बघा की."

सरांनी झाकण लावून टाकलं. दुपारी पुन्हा झाकण उचललं तर पाणी पार खाली. ओल्या भिंतीवर मध्येच, कमरेच्या उंचीला, एक रेघ. नीलम्मानं तेही पाहिलं. "एवढ्यात कुटं गेलं? टँकर भरून इकता काय?"

संध्याकाळपर्यंत गल्लीत कुजबुज झाली. आयुष्यात कुणाची पुस्तकाची पावती न चुकवलेला माणूस पाणीचोर ठरला. दुसऱ्या दिवशी सरांनी झाकणाला कुलूप लावलं. त्यानं तर खात्रीच पटली.

चहा खारट लागला. "मी मीठ टाकलं न्हाय," बाई म्हणाल्या. त्यांनी हौदातलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं आणि ओंजळ तशीच धरून बसल्या. झाकणाच्या आतल्या बाजूला मिठाची पांढरी खपली जमली होती. झाकण उचललं, की आतून गार वारा यायचा. त्याला वास होता. मासळीचा, पण उजनीच्या मासळीचा नव्हे.

पुस्तकाच्या पानांची झेरॉक्स सरांनी स्वतःजवळ ठेवली होती. ती घेऊन ते हौदाच्या काठावर बसले. पुस्तकात ओहोटी होती तेव्हा हौद तुडुंब होता. पुस्तकात भरती चढली तसा हौद उतरत गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. वर चढणं, खाली जाणं, दिवसातून दोन वेळा, संथ, एखाद्या झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं.

"एक तर हौद चुकतोय, नाहीतर पुस्तक," सर पुटपुटले.

"हौदाला वाचता येतं व्हय, चुकायला?" बाई म्हणाल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत. "पोराला फोन करा."

"काय सांगू? आपल्या हौदात समुद्र आलाय?"

"तेच सांगा की."

सरांनी फोन लावला. पलीकडं वारा होता, माणसांचे आवाज होते. "मामा, स्पीकरवर घेतलंय," युवराज ओरडून बोलत होता. "हितले कोळी बसलेत, बसू त्यास्नी सांगतोय, आमचे मामा सोलापुरात बसून समुद्र वाचत्यात. ते लोक म्हनत्यात उद्या सकाळी नको, उतरतं पानी असतंय. म्या म्हनलं, आमच्या पुस्तकात सकाळी भरती हाय. मामांचं पुस्तक चुकायचं न्हाय. सकाळीच निघतो."

पलीकडं कोणी तरी तेलुगूत काही बोललं आणि सगळे हसले.

"जपून जा," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

वच्छलाबाई समोरच उभ्या होत्या. "बुवा काय म्हनतात? लाज देवापुढं धरावी. मानसापुढं धरली की ती गळा धरती. द्या फोन हिकडं, मी सांगते."

"उद्या सांगू. सकाळी लवकर."

सकाळी सर उठले. बाई देवाला फूल वाहत होत्या. त्यांनी नुसतं वळून पाहिलं. घरात फोन एकच. सरांनी तो खिशात घातला, चपला अडकवल्या आणि वाचनालयात जाऊन बसले. पेपर डोळ्यापुढं धरला. एकदा फोन बाहेर काढला, नंबरापर्यंत गेले, आणि समोरून कुणी तरी विचारलं, "काय सर, पोचला का भाचा समुद्रात?"

"पोचतोय," सर म्हणाले आणि फोन परत खिशात गेला.

त्यांनी पेपर पुन्हा डोळ्यापुढं धरला.

ऊन चढल्यावर ते घरी आले. दार उघडं होतं. चुलीवर, म्हणजे गॅसवर, भात तयार होता, झाकून ठेवलेला. हौदाचं झाकण बाजूला सरकवलेलं होतं. काठावर बाईंच्या चपला, एकमेकींना लागून.

सरांनी खाली पाहिलं.

पाणी नव्हतं. सिमेंटही नव्हतं. तळाला वाळू होती, ओली, लाटांनी वळ्या पाडलेली.

वाळूत पावलं होती. अनवाणी, बायकी, दुसऱ्या बोटाशी जोडव्यांचा ठसा. लोखंडी पायऱ्यांपासून निघून सरळ पूर्वेच्या भिंतीकडं गेलेली.

शेवटचं पाऊल अर्धंच होतं. टाच अलीकडं. पुढचा चवडा भिंतीच्या आत.

सर खाली उतरले. भिंतीला हात लावला. भिंत भिंतच होती. "वच्छला," त्यांनी हाक मारली, पण हळू, कारण कुंपणापलीकडं नीलम्माची बादली वाजत होती.

मग पायाला पाणी लागलं. गार. घोट्यापर्यंत आलं, पोटरीपर्यंत आलं.

सर वर चढून आले.

खिशात फोन वाजत होता.

"मामा, वाचलो," युवराज म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "बांधाशी लाटा फुटत हुत्या, मला दिसंचना. होडी घालनार तेवढ्यात समोर मामी दिसली. मुखापाशी वाळूवर, लुगडं खोचून, गुडघाभर पान्यात. दोनी हात आडवे धरले तिनं. मागं फिर म्हनाली. मामा, तुमी कळवलं का न्हाय, मामी हिकडं आलीय म्हनून? कशानं आली? रेल्वेनं?"

सरांनी काठावरच्या चपलांकडं पाहिलं.

"आमी होडी वळवली. मामीला म्हनलं, ये, चढ. ती म्हनाली, तुमी जावा, मला ह्यांना वाढायचंय. आन तितंच उभी. आता भरती चढलीय मामा. आमी काठावरून बघतोय. पानी तिच्या कमरेला हाय." फोनवर नुसता वारा ऐकू आला. "ती हलंना झालीय, मामा."

सरांनी हौदात पाहिलं. पाणी कमरेच्या रेघेला आलं होतं.

"मामा, काय करू?"

"हाक मार तिला," सर म्हणाले.

"तुमी मारा. स्पीकरवर घेतो."

माणसांचे आवाज आले. कोळी, बसू, सगळे ऐकत होते. सरांनी तोंड उघडलं. कुंपणापाशी नीलम्मा येऊन उभी राहिली होती, सरांकडं बघत.

सरांनी फोन बंद केला.

युवराज परत आला. बांधाशी मामी दिसेनाशी झाली, एवढंच तो सांगतो, आणि मग विचारतो, मामी घरी कधी पोचली. सर म्हणाले, पोचली, आणि माळशिरसला बहिणीकडं गेली, बहीण आजारी आहे. गल्लीलाही तेच सांगितलं. पोलिसांत गेले नाहीत. काय लिहून देणार?

हौद आता चांगला आहे. कोरडा पडला की तळाला सिमेंट दिसतं, कोपऱ्यात कोळिष्टक. नळ आला की पाणी गोड येतं. नीलम्माचीही तक्रार नाही.

फक्त नळ यायच्या दिवशी कान देऊन बघा. सर झाकण उचलतात, आजूबाजूला बघतात, गुडघे टेकून खाली वाकतात आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणतात, "पाणी सोडतोय गं. बाजूला हो."

आणि खालून "व्हय" आल्याशिवाय कॉक उघडत नाहीत.

बुवा उठले. चला, नीट बसा. गजर सुरू झाला, सगळ्यांचा आवाज एक झाला, की त्यात एकदा वच्छलाबाईंची आठवण काढा. मोठ्यानं काढा. त्या घरात त्यांचं नाव मोठ्यानं कुणी घेत नाही.