पुलाच्या कठड्यावरचा नमुना

"थांबा! घासू नका!"

पाथरवटाचा ब्रश हातातच राहिला. पाठीवर सॅक घेतलेली एक मुलगी धावत आली आणि पुलाच्या कठड्यावरच्या राखाडी पापुद्र्याला नाक लावून उभी राहिली.

"घाण नाही ही. दगडफूल आहे. जिवंत."

"फूल? हे?" तो हसला. "मग माळा की केसांत."

"निघालं तर ना! हे दगड सोडत नाही. दगडासकट कापावं लागतं... द्याल कापून?"

त्याने छिन्नीने नखाएवढी ढलपी इतकी अलगद काढली, की ती बघतच राहिली. मग ती दर शनिवारी येऊ लागली. तो ढलप्या काढी, ती भिंगातून बघून टिपणं करी. घरी त्याची आई म्हणाली, "पुलावर जायला इस्त्रीचा शर्ट? दगडांना दाखवायचाय का?" त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

एका शनिवारी ती फुलूनच आली. "पहिल्या ढलपीवर औषधाचा थेंब टाकला. नेहमीच्या प्रजातीवर तो लाल होतो. हिच्यावर झालाच नाही! नवी प्रजाती! आमचे कॉलेजातले सर सोमवारी शोधनिबंध पाठवताहेत. तो छापला की माझी इथली नोकरी पक्की. नाहीतर महिनाअखेर गाशा गुंडाळायचा."

'इथली' हा शब्द त्याला फार गोड लागला, आणि लगेच ती पहिली ढलपी आठवली. आदल्या दिवशी ब्लीचिंगचं पाणी मारायचं, दुसऱ्या दिवशी घासायचं, ही त्याची रीत. ती पहिल्यांदा धावत आली तेव्हा पाणी मारून झालेलं होतं. नुसतं गप्प बसलं, तर ती इथेच राहणार होती.

"तो भाग मी धुतलेला होता," तो म्हणाला. "ब्लीचिंगने. त्याने रंग मरतो."

तिचा चेहरा पडला. तो पलीकडच्या, न धुतलेल्या कठड्यावरून एक ढलपी घेऊन आला. तिने सॅकमधून बाटली काढून थेंब टाकला. थेंब लाल झाला.

"जुनीच," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "का सांगितलंत? कुणाला कळलं असतं?"

"त्या निबंधाखाली तुमचं नाव लागणार होतं." तो खाली बघत राहिला. "गप्प बसावंसं वाटलं... खूप वाटलं. तुम्ही राहिला असतात ना — म्हणून."

तिने डोळे पुसले. मग तिने वहीचं पान फाडून त्यावर आपल्या घरचा पत्ता लिहिला.

"मी जाणार, ते आता चुकत नाही. पण दगड दाखवायच्या निमित्ताने येऊ नका हं," ती म्हणाली. "मला भेटायला म्हणून या."